साहेब दौऱ्यावर असले की चालणारा प्रिंटर

मंगळवार, १४ ऑक्टोबर २००३. सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी मी दूध संस्थेच्या कार्यालयात पोहोचलो, तेव्हा माझ्या खुर्चीवर दुसरा माणूस बसला होता.

खुर्ची माझी नव्हती, ती संस्थेची होती. परंतु १९९८ साली मी तिथे पहिला संगणक बसवला, भिंतीतून केबल ओढली आणि तिची दोन्ही टोके स्वतः जोडली. तेव्हापासून दुरुस्तीला गेलो की मी त्याच खुर्चीवर बसत असे. त्या दिवशी तिच्यावर चौगुले बसले होते. वय पस्तिशीच्या आसपास. राजारामपुरीत संगणकांचे काचबंद दुकान. कमरेला मोबाइल, मांडीवर सीडी ठेवायची चामडी पिशवी. त्यांच्यासमोर कपबशीत चहा होता. मला आला तो ग्लासात. अशा गोष्टी मी मोजत नाही. त्या दिवशी मोजल्या.

संस्थेचे नाव लिहीत नाही. आजूबाजूच्या गावांतून दूध गोळा करणाऱ्या अनेक संस्थांपैकी ती एक होती. कार्यालयात तीन संगणक होते. हेडक्लार्क आण्णा खोत यांच्या टेबलावर मी बसवलेला जुना विंडोज ९८, टायपिस्ट मगदूम बाईंच्या खोलीत दुसरा आणि कार्यकारी संचालकांच्या केबिनमध्ये चौगुल्यांनी नुकताच बसवलेला नवा. कार्यकारी संचालकांना सगळे एमडी साहेब म्हणत. कार्यालयातले दोन्ही प्रिंटर आण्णांच्या जुन्या मशीनला जोडलेले होते आणि बाकीच्यांची छपाई केबलमधून त्या मशीनवर येऊन तिथून कागदावर उतरे. याला प्रिंटर शेअर करणे म्हणतात. यात सोय एवढीच की प्रत्येकाला वेगळा प्रिंटर लागत नाही. गैरसोय अशी की ते एक मशीन अडले की सगळे अडतात.

गेले दहा दिवस ते अडत होते. रोज नव्हे, अधूनमधून.

एमडी साहेब केबिनच्या दारात उभे राहून बोलले. दुसऱ्या दिवशी पहाटेपासून शीतकरण केंद्राची वीज बंद राहणार होती, म्हणून सकाळचे दूधसंकलन एक तास आधी करायचे ठरले होते. तशी एकशे चाळीस पत्रे गावोगावच्या सचिवांना त्याच दिवशी जायला हवी होती. आमच्याकडे अशी पत्रे टपालाने जात नसत. दुपारी रिकामे कॅन घेऊन निघणाऱ्या गाड्यांच्या ड्रायव्हरकडे गठ्ठा देत आणि तो गावागावांत वाटत जाई. निम्म्या गावांतले फोन बंदच असत. पत्र पोहोचले नाही तर दूध नेहमीच्या वेळी येणार, आणि नासणार.

"मास्तर, गाड्या निघायच्या आत पत्रं छापून पाहिजेत," साहेब म्हणाले. मी पूर्वी आयटीआयमध्ये शिकवत होतो, त्यामुळे सगळे मला मास्तर म्हणत. "चौगुले म्हणतात जुनं मशीनच टाकून द्या. तुम्ही म्हणता ते चांगलं आहे. आज काय ते दाखवा. नाहीतर उद्यापासून सगळं चौगुले बघतील."

एवढे बोलून ते आत गेले. चौगुले खुर्चीवरून उठले. "बसा काका," म्हणाले. मी बसलो नाही. उभ्यानेच काम सुरू केले.

मगदूम बाईंच्या मशीनवर पत्र तयार होते. छापण्याची आज्ञा दिली की प्रिंटर सापडत नाही असा संदेश येई. पत्र फ्लॉपीवर घेऊन जुन्या मशीनवरून छापता आले नसते, कारण मराठी अक्षरांचे सॉफ्टवेअर एकाच मशीनसाठी घेतलेले होते. त्याची किल्ली, म्हणजे परवाना तपासणारा छोटा ठोकळा, बाईंच्या मशीनला मागे, प्रिंटर जोडायच्या जागी बसवलेली होती. ती काढली की मराठी उमटत नसे, त्यामुळे प्रिंटर उचलून तिकडे नेणेही शक्य नव्हते.

मी प्रथम केबल तपासली. माझी नव्हे, चौगुल्यांची. केबिनकडे जाणारी नवी केबल त्यांनी ओढली होती, आणि दोष तिथेच असणार असे मी दारातच ठरवले होते. टेस्टर लावला. आठही दिवे क्रमाने लागले, म्हणजे केबल ठीक होती. तरीही मी दोन्ही टोके कापून नवी बसवली. चौगुले शेजारी उभे राहून पाहत होते. त्यांनी अडवले नाही. त्यांची जोडणी माझ्यापेक्षा नीटस होती, हे कापताना मला दिसत होते.

प्रिंटर सापडला नाही. मग मी ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटरची भाषा मशीनला समजावणारा प्रोग्रॅम, पुन्हा टाकला. उपयोग झाला नाही. साडेबारा होत आले. चौगुल्यांनी सुचवले की दुकानातून एक मशीन आणून जुन्याच्या जागी ठेवू. मी न ऐकल्यासारखे केले.

आण्णा खोत तोवर डबा उघडून बसले होते. ते उचगावचे. मोठ्याने बोलण्याची सवय.

"मास्तर, खरं सांगू? ह्यो प्रिंटर साहेबास्नी घाबरतोय. साहेब दौऱ्यावर असले की झकास चालतंय. साहेब केबिनमदी बसले की बंद."

मगदूम बाई हसल्या. चौगुलेही हसले. मी हसलो नाही, कारण हे दहा दिवसांतले पहिले उपयोगी वाक्य होते. साहेब नसले की केबिनला कुलूप असे, आणि केबिनला कुलूप असले की नवे मशीन बंद असे.

मी जुने मशीन बंद करून पुन्हा सुरू केले. चौगुले तेव्हा फोनवर बोलत व्हरांड्यात गेले होते. पडदा उजळताच मधोमध एक करड्या रंगाची चौकट आली. ती वाचण्याआधीच आण्णांचा हात शेजारून आला आणि एंटर दाबून त्यांनी ती घालवली.

"हे काय होतं?" मी विचारले.

"त्ये व्हय? रोज येतंय की. एंटर मारायचं, जातंय."

मी मशीन पुन्हा सुरू केले आणि आण्णांना हात डब्यावर ठेवायला सांगितले. चौकटीत इंग्रजीत एकच वाक्य होते: या संगणकाला दिलेले नाव नेटवर्कवर आधीच वापरात आहे.

नेटवर्कमधल्या प्रत्येक मशीनला एक नाव द्यावे लागते. बाकीची मशीन त्या नावाने त्याला शोधतात. एका नावाची दोन मशीन असतील तर जे आधी सुरू होईल ते नाव घेते आणि दुसऱ्याला केबलवर उभे राहू दिले जात नाही. एमडी साहेब सकाळी नऊला येत, आण्णा दहाला. साहेबांचे मशीन आधी नाव घेऊन बसे. मग आण्णांचे मशीन स्वतःपुरते चाले, पण इतरांच्या दृष्टीने ते, आणि त्याला जोडलेले दोन्ही प्रिंटर, अस्तित्वातच नसत.

घड्याळात बारा चाळीस झाले होते. नव्या मशीनचे नाव बदलून दोन्ही पुन्हा सुरू करायला पंधरा मिनिटे पुरली असती.

मी ते सांगितले नाही. एमडी साहेब जेवायला घरी गेले होते आणि पावणेदोनला परतणार होते. चूक चौगुल्यांच्या मशीनमध्ये आहे हे मला साहेबांसमोर सांगायचे होते, आणि ते सांगताना चौगुल्यांचा चेहरा पाहायचा होता. मी पेचकस पुसून पिशवीत ठेवला, जुन्या मशीनचे झाकण उगाच काढून ठेवले आणि वाट पाहिली. एक तास पाच मिनिटे. चौगुले त्या वेळात एकटेच खटपट करत राहिले. दोनदा त्यांनी मला विचारले, काही सुचतंय का काका. मी नकारार्थी मान हलवली. याला मत्सर म्हणतात. त्या दिवशी मी त्याला शिस्त म्हणत होतो.

साहेब पावणेदोनला आले. मी उभा राहून कारण सांगितले, थोडक्यात आणि स्पष्ट. मग विचारले, "नव्या मशीनला श्री हे नाव कोणी दिले?"

"मीच दिलं," चौगुले म्हणाले.

"देण्यापूर्वी नेटवर्कवर ते आहे का, पाहिले होते?"

त्यांनी उत्तर देण्याआधीच आण्णा बोलले. त्यांच्या आवाजात कोणाला दोष देण्याचा हेतू नव्हता, याची मला खात्री आहे.

"बघणार कसं मास्तर? खंडेनवमी हुती. समदी मशीन पुजून बंद ठेवलीती. त्या दिवशी हत्यार चालवत न्हाईत. पूजेसाठी ह्ये नवं एकच चालू केलतं. नाव काय टाकू म्हनले, मी म्हनलं आदी श्री लिवा." ते माझ्याकडे वळले. "तुमास्नी बी मीच सांगितलतं की. जुनं मशीन आलं तवा. तुमी बी श्रीच लिवलं."

मला ते आठवले. आण्णांच्या हातात हळदकुंकवाचे ताट होते आणि मी नाव टाइप केले होते. नवी वही असो वा नवे मशीन, आधी श्री. मी ते नाव कुठेही लिहून ठेवले नव्हते. रजिस्टरमध्ये नाही, मशीनवर नाही. पाच वर्षांत गरजच पडली नव्हती, कारण तिथे माझ्याशिवाय कोणी येत नव्हते.

"म्हणजे आण्णांनी दोघांना सांगितलं आणि दोघांनी ऐकलं," साहेब म्हणाले. "आता कोण बदलणार?"

"माझ्या मशीनचं बदलतो," चौगुले म्हणाले. "जुन्याचं राहू दे. सगळ्यांच्या प्रिंटरची वाट त्याच नावाकडे आहे."

निर्णय बरोबर होता. मीही तोच घेतला असता, पण तो आधी त्यांनी बोलून दाखवला. पुजलेल्या मशीनवरून श्री काढायला आण्णांनी हरकत घेतली, तेव्हा चौगुल्यांनी श्री ठेवून पुढे एमडी ही अक्षरे जोडली. आण्णांचे समाधान झाले. मला हे सुचले असते की नाही, सांगता येत नाही.

दोन्ही मशीन पुन्हा सुरू झाली. या वेळी करडी चौकट आली नाही. दोन वाजून पाच मिनिटांनी पहिले पत्र बाहेर आले.

जोतिबाच्या मार्गावरची गाडी घाट चढायचा असल्याने सर्वांत आधी, दोन वाजता निघे. ती निघून गेली होती. बाकीच्या गाड्या तीनला होत्या. सोळा गावांची पत्रे राहिली.

"मी जातो," चौगुले म्हणाले. "माझी मोटरसायकल आहे. तुमच्या एम-एटीला घाट..."

"मी नेतो," मी म्हणालो.

गठ्ठा पिशवीत घालताना ते माझ्याजवळ आले आणि हळू आवाजात बोलले. साहेबांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू.

"काका, तुम्हाला मघाशीच सापडलं होतं ना? तुम्ही पेचकस पुसून ठेवलात. काम राहिलेलं असताना तुम्ही तो ठेवत नाही, असं आण्णा म्हणतात."

मी पिशवीचा बंद आवळला. त्यांनी साहेबांना काही सांगितले नाही, त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही. त्याचाही मला राग आला.

गाडी खालची नऊ गावे करून पुढे गेली होती. तिथल्या सचिवांच्या घरी जाऊन पत्रे मी स्वतः दिली. एकजण शेतावर होता. बांधापर्यंत चालत गेलो. घाटात माझी लहानशी दुचाकी, ती एम-एटी, दोनदा तापली. गाडी वर जोतिबाच्या स्टँडशेजारी उभी असलेली सापडली. उरलेली सात पत्रे ड्रायव्हरच्या हाती दिली. "पावणं, एवढ्यासाठी हितवर आलासा? फोन करायचा की," तो म्हणाला. गुलालाच्या दुकानातला फोन चालू होता. हे मला तिथे गेल्यावर कळले.

दुसऱ्या दिवशी दूध वेळेवर आले. नासले नाही. साहेबांनी जुने मशीन माझ्याकडे ठेवले आणि नवे चौगुल्यांकडे. पुढे चार वर्षे आम्ही दोघे त्या कार्यालयात येत राहिलो. खुर्ची जो आधी येई त्याची असे.

या व्यवसायातल्यांसाठी एवढेच लिहितो. दुसऱ्याची केबल कापण्याआधी स्वतःचे रजिस्टर उघडावे. आणि पडद्यावर रोज येणारी चौकट एकदा तरी वाचावी.

त्या संध्याकाळी मी सव्वासहाला कार्यालयात परतलो. चौगुले गेले होते. आण्णा कपाट बंद करत होते. सर्व्हिस रिपोर्टमध्ये कारणाच्या रकान्यात लिहिले: दोन मशीनना एकच नाव. पहिले नाव मी दिले, नोंद केली नाही. तासाभराच्या विलंबासाठी रिपोर्टमध्ये रकाना नव्हता. तो समासात लिहिला आणि खाली सही केली.

केबिनमध्ये नव्या मशीनच्या दर्शनी बाजूला चौगुल्यांनी जाण्यापूर्वी नावाची पट्टी लावलेली दिसली. छापील होती. सरळ होती. मी कागदाची पट्टी कापली, जुन्या मशीनचे नाव हाताने ठळक लिहिले, आण्णांकडून फूटपट्टी मागून घेतली आणि ती लावून पट्टी चिकटवली.