आक्काची खानावळ आणि शाकाहारी सून

खानावळीत खरकटी भांडी साठतात तसेच किस्सेही साठतात. फरक एवढाच, की भांडी संध्याकाळपर्यंत घासून पालथी पडतात आणि किस्से तसेच राहतात. वर रोज दुपारी आमच्यातला कुणीतरी त्यात आपल्या पदरचं मीठ टाकून जातो. मी सांगतोय त्यातलं मीठ मात्र बेताचं आहे. कुणाला शंका असेल तर त्यानं कोल्हापुरात शिवाजी पेठेत यावं आणि थेट आक्कालाच विचारावं. फक्त जेवायच्या आधी विचारू नये!

आक्काच्या खानावळीत शेवटचं बाकडं आमचं. आम्ही म्हणजे तिघं. मी शेजारीच फ्लेक्स छापतो, त्यामुळे पेठेतल्या प्रत्येक भावी नेत्याचा वाढदिवस मला त्याच्या आईच्या आधी आठवतो. दुसरे बशीरभाई, समोरच्या गॅरेजचे मालक. तिसरे कदम मास्तर. शाळेत खेळ शिकवायचे, आता निवृत्त झालेत, पण फुटबॉलचे पंच असल्यामुळे शिट्टी अजून खिशात असते.

बुधवार, शुक्रवार आणि रविवारी मटण. तांबडा आणि पांढरा रस्सा पाहिजे तेवढा. रांधायचं आक्कानं आणि वाढायचं तिच्या मुलानं, विश्वासनं. एकदा एका पाव्हण्यानं मेनू कार्ड मागितलं. आक्का म्हणाली, "वास आला न्हवं? त्योच मेनू!"

*

पेठेत फुटबॉल काय चीज आहे, ते बाहेरच्याला सांगून कळत नाही. इथं फुटबॉलचे संघ तालमींचेच, आणि दोन तालमींची मॅच असली की त्या दिवशी सख्खे मेहुणेसुद्धा एकमेकांशी बोलत नाहीत. मॅच सुटली की दोन्हीकडची पोरं आक्काकडेच येणार. आधी कुणाला वाढायचं याचा आक्काचा नियम ठरलेला होता.

"हरल्यात त्यास्नी आदी वाढ. जिंकल्यात त्येंचं पोट ओरडूनच भरलंय."

एकदा मॅच बरोबरीत सुटली. दारात दोन्हीकडची गर्दी आणि विश्वास हातात रश्श्याची बादली घेऊन मध्ये उभा. "आई, आदी कुणाला?"

आक्कानं जरा विचार केला. "कुणालाच न्हाय. वाढू देत एकमेकाला!"

मग काय! यांनी त्यांना वाढायचं आणि त्यांनी यांना. "घ्या की! का तिखट लागतंय?" असं समोरच्यानं विचारल्यावर नको म्हणणार कोण? वाटीमागून वाटी रिचवत गेले. शेवटी दोन्ही तालमींची पोरं बाहेरच्या कट्ट्यावर एकमेकांना टेकून पडली होती, कुणात भांडायची ताकद उरली नव्हती.

मॅचचे पंच कदम मास्तर होते. त्यांना दोन्ही बाजूंनी वाढलं. दुसऱ्या दिवशी ते काही दिसले नाहीत.

*

गौरी या घरात आली ती आक्कालाच काय, साऱ्या पेठेला धक्का देऊन. विश्वासनं लग्न केलं ते गडहिंग्लजकडच्या लिंगायत घरातल्या पोरीशी. त्या घरात अंडंसुद्धा कधी आलेलं नाही आणि पोरगी नांदायला आली ती मटणाच्या खानावळीत! वडील तिकडचे मिरचीचे व्यापारी. त्यांनी निरोप धाडला, "माझ्या लेखी लेक संपली." त्यानंतर फोन नाही, सणाला बोलावणं नाही. गौरी कधी त्याबद्दल बोलायची नाही, पण बाहेर गडहिंग्लजकडची गाडी येऊन थांबली की तिचा हात परातीत थांबायचा. आम्ही ते बघायचो आणि बघितलं नाही असं दाखवायचो.

आक्कानं पहिल्याच दिवशी कामं वाटली. "चूल माझी. तू भाकरी थाप. मटणाला हात लावायची सक्ती न्हाय."

गौरीनं तिच्या माहेरच्या पद्धतीनं भाकरी थापली, पातळ आणि पापुद्र्याची. आमची सवय जाडजूड भाकरीची. बशीरभाईंनी ती दोन बोटांत धरून उजेडात बघितली.

"पोरी, ही भाकरी हाय का टिशू पेपर?"

आतून लगेच उत्तर आलं, "चाचा, तोंड पुसा आन् खावा!"

खानावळीत पहिल्यांदाच आक्काशिवाय दुसऱ्या कुणाच्या तरी बोलण्यावर हशा झाला. बशीरभाई त्या दिवशी दीड वेळचं जेवले. उठताना म्हणाले, "आक्का, तुमच्या तोडीची आणलीसा." आक्कानं पैसे मोजून गल्ल्यात टाकले. ती कुणाचंच कौतुक करत नाही.

*

मग आक्का मोरीत घसरली आणि उजवा हात प्लॅस्टरमध्ये गेला.

कदम मास्तरांना वाटलं, आपण काहीतरी केलं पाहिजे. त्यांच्या आग्रहावरून मी एक झकास फ्लेक्स छापला. आक्काचा नऊवारीतला मोठा फोटो आणि खाली 'आक्का, आम्ही तुमच्या पाठीशी आहोत'. तो चौकात लागला आणि घोटाळा झाला. आक्काचा वाढदिवस कधी कुणी साजरा केलेला नव्हता आणि ती निवडणुकीला उभी राहणारी बाई नव्हे. मग पेठेत तिचा फोटो चौकात लागायला कारण उरतं एकच!

दुपारपर्यंत लोक हार घेऊन खानावळीत यायला लागले. दारातच स्टुलावर आक्का बसलेली. एकाच्या हातातला हार गळून पडला.

आक्का शांतपणे म्हणाली, "आलायसा तर जेवून जावा. हार दाराला बांधा, वाया नको."

*

आता प्रश्न होता चुलीचा. आक्का खानावळ बंद ठेवायला तयार नव्हती आणि विश्वासला चहासुद्धा धड जमत नाही. गौरीनं पदर खोचला. "अत्ती, तुमी सांगा, मी करतो." सासूला ती अत्ती म्हणते, तिकडच्या कानडी वळणानं; 'मी करतो' मात्र आमच्याकडच्या बायकाही म्हणतात.

जिनं जन्मात मटण खाल्लेलं नाही, ती मटण शिजवणार! आणि चाखून बघायची सोय नाही. गौरी खात नाही आणि गिऱ्हाइकाच्या आधी रश्श्याला तोंड लावायचं नाही हा आक्काचा जुना नेम. म्हणजे पहिला घोट थेट आमच्याच नशिबी.

आक्का स्टुलावरून सांगत होती आणि गौरी सांगितल्याबरहुकूम करत होती. "आता चटणी. तीन मुठी." चटणी म्हणजे आमच्याकडचा कांदा-लसणीचा लाल मसाला. गौरीनं तीन मुठी टाकल्या.

त्या बुधवारी खानावळीत कुणाचंही नाक वाहिलं नाही!

कोल्हापुरात तांबडा रस्सा पिऊन रुमाल कोरडा राहावा म्हणजे काय ते तुम्हीच समजा. सगळे खाली मान घालून जेवत होते. आक्काला सांगायचं कुणी? शेवटी बशीरभाईंनी धीर केला. "आक्का, आज रस्सा दवाखान्यातनं मागिवलाय व्हय?"

आक्का ताडकन उठली. "आसं कसं? तीन मुठी टाकल्या माझ्यादेखत!" मग तिची नजर सुनेच्या हातावर गेली. "मूठ उघड बघू."

गौरीनं मूठ उघडली. लहानशी, नाजूक. आक्काची मूठ पैलवानाची! तिच्या एका मुठीत गौरीच्या दोन मावल्या असत्या. आयुष्यभर मुठीनं सैपाक केलेल्या बाईला दुसऱ्याची मूठ वेगळी असते हे कधी सुचलंच नव्हतं.

शुक्रवारी मी मुद्दाम सैपाकघराच्या दारातून डोकावलो. गौरीनं आक्काचा धडधाकट डावा हात मनगटाला धरला, चटणीच्या डब्यात खुपसला आणि भरल्या मुठीसकट पातेल्यावर नेऊन झटकला.

आक्का ओरडली, "आगं, हात हाय माझा, पळी न्हवं!"

"अत्ती, पळी आस्ती तर एवढी बोलली नस्ती."

त्या दिवशी सगळ्यांची नाकं वाहिली. मला इतकं बरं वाटलं की मी उगाचच दोनदा हात धुतले.

*

तेव्हापासून पहिली वाटी बशीरभाईंची ठरली. ते एक घोट घेणार आणि नुसती मान हलवणार, मग बाकीच्यांना वाढायचं. पण रमजान लागला आणि बशीरभाई दुपारचे यायचे बंद झाले. कदम मास्तर आपणहून पुढे सरसावले.

पण पंच तो पंच! पहिल्याच दिवशी त्यांनी घोट घेतला, डोळे मिटले, शिट्टी वाजवली आणि खिशातून पिवळं कार्ड काढून गौरीपुढे धरलं. "मीठ!"

गौरीनं पातेल्यात मीठ टाकलं. मग येऊन मास्तरांचं ताट उचललं आणि आत चालू लागली.

"आगं, ताट कुठं नेतीस?"

"मॅच चालू आस्ताना पंच जेवतो व्हय? सगळी उठली की वाढतो तुमास्नी."

आणि खरंच शेवटच्या पंगतीला वाढलं. ते कार्ड मास्तरांनी पुन्हा खानावळीत आणलं नाही.

*

मोबाईल काठीला लावून हिंडणारा एक पोरगा एकदा आला. खाण्याचे व्हिडिओ करतो म्हणाला. रस्सा वाटीत पडताना त्याला टिपायचा होता. विश्वासनं वाढला. "भारी! पण लाईट नीट आला नाही. परत एकदा?"

आक्का म्हणाली, "परत वाढायचा आसंल तर ती वाटी संपवा. हितं पानात टाकत न्हाईत."

त्यानं संपवली. दुसऱ्या वेळी मध्येच कुणीतरी आडवं गेलं. तीही वाटी संपवली. मग कोन बदलला, मग आवाज नीट आला नाही, मग बॅटरी. दर वेळी वाटी रिकामी करायची! शेवटी सगळं जमून आलं तेव्हा त्याच्या तोंडून शब्द फुटेना. डोळ्यांतून, नाकातून, कपाळावरून नुसत्या धारा.

त्यानं तो व्हिडिओ तसाच टाकला. बोलणं नाही, काही नाही, समोर घामाघूम पोरगा आणि मागे दारातून दिसणारी गौरी, हात कोपरापर्यंत चटणीनं लाल. खाली कुणीतरी लिहिलं होतं, 'आजवरचा सगळ्यात खरा रिव्ह्यू.' व्हिडिओ गावोगाव फिरला. गडहिंग्लजलाही पोचला.

*

पुढच्याच बुधवारची गोष्ट. आक्काचं प्लॅस्टर निघालं होतं, पण जड उचलायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलेलं. रमजान संपल्यानं बशीरभाईही परत बाकड्यावर. खानावळ गच्च भरलेली. तेवढ्यात दारात एक टेम्पो थांबला आणि एक उंचापुरा माणूस आत आला. पांढरं धोतर, खांद्यावर उपरणं, डोक्याला टोपी आणि कपाळावर विभूतीचे आडवे पट्टे.

विश्वासनं त्यांना बघितलं, बादली आत ठेवली आणि म्हणाला, "कोथिंबीर आणतो." मागच्या दारानं जो गेला तो गेला. कोथिंबिरीचा ढीग तिथंच निवडून ठेवलेला होता!

तो माणूस आमच्या समोरच येऊन बसला. बशीरभाईंना काही कल्पना नव्हती. "पावणं, नवीन दिसताय. तांबडा मागवा, आमच्या सूनबाईचा हात हाय!"

"मी हितलं पाणी बी घेत न्हाय."

बशीरभाईंचा घास हातातच राहिला. आतली खुडबुड एकदम थांबली. आक्का स्टुलावरून उठली. "याय लई उशीर केलासा."

"मी जेवाय आलो न्हाय," ते म्हणाले. "मिरची कुठली वापरता?"

"बाजारातली."

"त्या व्हिडिओत पोरीचा हात बघितला मी. त्यो रंग मिरचीचा न्हाय. भेसळ हाय."

आक्काच्या तोंडावर तिच्या चटणीला भेसळ म्हणणारा माणूस आम्ही पहिल्यांदाच बघत होतो. कुणी वाटी खाली ठेवली नाही आणि कुणी घोटही घेतला नाही.

आक्का म्हणाली, "मग चांगली आणायची हुती की."

"आणलीया."

ते उठून बाहेर गेले आणि टेम्पोतलं मिरचीचं पोतं स्वतः खांद्यावर घेऊन आले. सैपाकघराच्या दाराशी पोचले तेव्हा आक्कानं आवाज दिला, "पावणं, आत मटण शिजतंय."

ते थांबले. आम्हाला वाटलं, झालं, आता पोतं इथंच टाकून परत जाणार. त्यांनी पायातल्या चपला काढल्या, एका बाजूला सरकवल्या आणि पोत्यासकट आत गेले.

आत पोतं टेकल्याचा आवाज आला. मग गौरीचा आवाज आला. मग तिच्या वडिलांचा. मग दोघांचे एकदम, चढत्या पट्टीत, कानडीत! आम्हाला एक अक्षर कळत नव्हतं. इकडे ताटं वाढून बसलेली गिऱ्हाइकं. कोपऱ्यातून कुणीतरी ओरडलं, "आक्का, रस्सा!"

आक्कानं स्टूल ओढून दारात आडवं लावलं आणि त्यावर बसली. "गप बसा सगळी. लई दिसांचं बोलणं साठलंय, उरकू द्या."

भुकेली माणसं, समोर कोरडी भाकरी, पण एकानंही पुन्हा हाक मारली नाही.

आतले आवाज हळूहळू खाली आले. आक्कानं स्टूल बाजूला घेतलं. तर दारातून ते बाहेर आले, हातात तांबड्या रश्श्याची बादली! हात अंगापासून लांब धरलेला, उपरण्याचं टोक नाकाला आणि नजर भिंतीकडे. आमच्या बाकड्यापाशी येऊन थांबले.

"कुणाला वाढायचं?"

बशीरभाईंनी वाटी दोन्ही हातांनी पुढे धरली. त्यांनी ती काठोकाठ भरली. मग वळून आक्कावर खेकसले, "एवढ्या माणसांस्नी एकटी पोरगी रांधणार आन् तीच वाढणार व्हय? माणूस ठिवा की एखादा!"

"ठिवला की आत्ताच," आक्का म्हणाली. "त्या कोपऱ्यात पांढरा द्या."