उत्तम कासारेचा ग्राइंडर

उत्तम कासारे मुळात रागीट माणूस नव्हता. चिंचपोकळी स्टेशनच्या मागे, रुळांना लागून बाबुराव पेडणेकरांचं छोटंसं वर्कशॉप होतं. तिथं तो अकरा वर्षं फिटर होता आणि एवढ्या काळात त्याचा चढलेला आवाज कुणी ऐकला नव्हता.

सत्तावन साली रे रोडच्या एका वखारीत ओंडके कापायला विलायती साखळीची करवत आली. फटफटीसारखी धडधडायची आणि लाकूड लोण्यासारखं कापायची. पण ओंडक्यात रेती असे, कधी एखादा जुना खिळा निघे, आणि साखळीचे दात बोथट होत. त्या साखळ्या धार लावायला बाबुरावांकडे येऊ लागल्या. उत्तम गोल कानशीनं एकेक दात घासत बसे. एक दात डावीकडे वळलेला, तर पुढचा उजवीकडे. एका साखळीत अर्धा दिवस जाई, आणि दोन्हीकडचे दात सारखे झाले नाहीत तर करवत लाकडात वाकडी जाई.

शेवटी त्यानं कोपऱ्यातला टेबलावरचा ग्राइंडर हाती घेतला. जाड दगड काढून पातळ बसवला. अख्खा ग्राइंडर बिजागरीच्या पाटावर चढवला, म्हणजे दांडा दाबला की फिरता दगड अलगद खाली येई. खाली साखळी पकडायला डावी-उजवीकडे वळणारा वाइस लावला आणि प्रत्येक दात नेमका एकाच जागी अडावा म्हणून मागे पोलादी खिट्टी बसवली. दगडावर जाड पत्र्याचं झाकण घातलं, खालची बोटभर कड तेवढी उघडी ठेवली. पातळ दगड फुटला तर बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो, हे त्यानं सगळ्यांना बजावून सांगितलं होतं.

आता अर्ध्या तासात साखळी होऊ लागली. ते काम उत्तमनं दत्तूला शिकवलं. दत्तू वरळी कोळीवाड्यातला, बापाची होडी भावाच्या हवाली करून कारखान्यात आलेला, दोन लेकरांचा बाप. उत्तमच्या डब्यात पहिल्या दिवसापासून बेधडक हात घालणारा त्या वर्कशॉपात तो एकटाच. मागल्या वर्षी उत्तमनं नागपूरला जाऊन दीक्षा घेतली, तेव्हाही दत्तूनं एवढंच विचारलं होतं की उद्या डब्याला काय आणू.

बाबुरावांना मात्र झाकण खुपायचं. दगडाची कड झिजली की तिला पुन्हा गोलाई द्यावी लागे, आणि दर खेपेला चार स्क्रू काढा आणि लावा. वखारवाला घाई करायचा.

नोव्हेंबरच्या अखेरीस डिलाईल रोडच्या चाळीतली माणसं संयुक्त महाराष्ट्र समितीच्या निदर्शनांना प्रतापगडला निघाली. उत्तमही निघाला. बाबुरावांनी हसत रजा दिली. त्यांच्या दारावर समितीचं पोस्टर होतंच.

सोमवारी उत्तम कामावर आला तेव्हा ग्राइंडरवर दगड नव्हता आणि खालच्या फरशीवर रेती टाकलेली होती. कुणी त्याच्या नजरेला नजर देईना. बाबुरावांनी त्याला आत बोलावून सांगितलं की शनिवारी दगड फुटला, दत्तूचा डावा डोळा गेला, तो परळला इस्पितळात आहे. मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "फॅक्टरी इन्स्पेक्टर येणार आहे. हे यंत्र तू तुझ्या डोक्यानं बनवलंस, मला विचारलं नव्हतंस, एवढंच सांग. पुढचं मी बघतो."

"झाकण कुठाय?" उत्तमनं विचारलं.

"कसलं झाकण?"

उत्तमनं पाठ फिरवली. तो बाहेर आला आणि त्यानं भंगाराचं पिंप उलटं केलं. तळाशी झाकण होतं. सरळ, साफ, एक ओरखडा नाही. दगड फुटला तेव्हा ते जागेवर असतं तर आतून ठेचलं गेलं असतं.

दुपारी दत्तूची बायको तुळसा आली. यंत्र उत्तमनं बनवलं, एवढंच तिला सांगणाऱ्यानं सांगितलं होतं. ती थेट उत्तमसमोर उभी राहिली. "तुमच्या यंत्रानं माझ्या घोवाचा डोला खाल्ला," ती म्हणाली. ती रडत नव्हती. उत्तमनं झाकण तिच्या हातात दिलं, ते कशासाठी होतं आणि कुठं सापडलं ते सांगितलं. तिनं चार भोकांवरून बोट फिरवलं आणि बाबुरावांच्या केबिनकडे बघत राहिली.

इन्स्पेक्टर आला तेव्हा बाबुरावांनी चहा मागवला होता. उत्तमनं चहाची बशी बाजूला सारून झाकण टेबलावर आदळलं. "यंत्र मी बनवलं," तो म्हणाला. "हेही मीच बनवलं. हे कुणी काढायला लावलं, ते यांना विचारा." बाबुराव म्हणाले, असल्या माणसांना डोक्यावर बसवलं की असंच होतं. असली म्हणजे कसली, ते त्यांनी सांगितलं नाही, सांगायची गरजही नव्हती. उत्तमची मूठ वळली होती. त्यानं ती टेबलाखाली दाबून धरली, कारण हात उचलला असता तर कागदावर तेवढंच राहिलं असतं.

इस्पितळातल्या खाटेवरून दत्तूनं जबानी दिली की झाकण मालकानं काढायला लावलं. बाबुरावांवर खटला झाला, दंडही झाला. त्यांनी तो भरला आणि पंधरा दिवसांत उत्तमला घरी बसवलं. दत्तूला एका डोळ्यावर कुठं यंत्रापाशी उभं करीनात. तो भावाच्या होडीवर जाळी ओढू लागला.

लालबागच्या एका कारखान्यात उत्तमला काम मिळालं, पण राग गेला नाही. जेवताना मध्येच त्याचा हात थांबे. त्याची बायको गुणवंती म्हणे, "अहो, दत्तूभावजी स्वतः विसरले, तुम्ही का जाळून घेता?" तो म्हणे, विसरला नाही तो, फक्त बोलत नाही.

साठ सालच्या एक मेला महाराष्ट्र झाला. चिंचपोकळीच्या नाक्यावर बाबुराव गुलाल माखून पेढे वाटत होते. उत्तमला पाहून त्यांनी जुनं काही नसल्यासारखा पेढा पुढे केला. "घे रे, आज आपलं राज्य आलं."

"दत्तूच्या घरी जाऊन द्या आधी," उत्तम म्हणाला. "त्याच्या हातात. मग मी घेईन."

बाबुरावांचा हात तसाच पुढे राहिला. आजूबाजूचे लोक बघू लागले. उत्तम वाट बघत थांबला, चांगला मिनिटभर. मग ते दुसऱ्या कुणाकडे वळले आणि तो घरी निघाला.