कड्याखालची सावली

सुळक्याच्या वाटेवर ऐन दुपारी आम्हाला एका कड्याखाली गार सावली मिळाली. मी आणि माझा मित्र सुधीर, दोघेच होतो. शेवटचं गाव तीन तास मागे राहिलं होतं. सुधीरने चहासाठी दगड मांडले, काटक्या रचल्या आणि काडीपेटी काढली. तेवढ्यात डोक्यावर गवताचा भारा घेतलेली एक बाई वरून उतरली आणि आम्हाला पाहून जागीच थबकली. ती ओरडली नाही. तिने ओठांवर बोट ठेवलं आणि ते बोट हळूच वर नेलं.

कड्याच्या पोटाला काळे पट्टे लोंबत होते. मघाशी मला ते ओलीचे डाग वाटले होते. आता त्यांच्यावरून एक थरथर सरकत गेली, आणि मगच मला ती गुणगुण ऐकू आली. आग्या मोहोळ. एक नाही, सात-आठ.

रानात निघताना मी दोरी, बॅटरी, औषधं दोनदा तपासतो. पण सावलीत बसण्याआधी मान वर करायची असते, हे माझ्या कधी मनातही आलं नव्हतं.

सॅक उचलून आम्ही पावलं न वाजवता तिच्यामागे निघालो. बरंच खाली आल्यावर सुधीरने तिचे आभार मानले.

"माझा दीर तितंच बसला व्हता, विडी ओढाया," ती म्हणाली. "हाका ऐकू येत व्हत्या. पन जवळ कुनाला जाता येईना."