रुस्ताकचा भेक आणि नकाशावरचा ठिपका

नकाशावरच्या एका ठिपक्यापायी आम्ही ओमानमधल्या रुस्ताकला गेलो. माझी बायको शीतल प्राणिशास्त्राची. तिचा प्रबंध कॅरिबियन बेटांवरच्या एका झाडबेडकावर होता. एकाच नावाखाली दोन जाती तर नाहीत ना आणि कुठली कुठल्या बेटावर आढळते, असा विषय. तो बेडूक तिने जिवंत कधीच पाहिला नाही. सगळं काम बाटलीतल्या नमुन्यांवर. मस्कतला आलो आणि तेही सुटलं.

गेल्या हिवाळ्यात रुस्ताकच्या पुढे एका वाडीत (इथे वाडी म्हणजे डोंगरातून उतरणारी, एरवी कोरडी नदी) तिने एका भेकाचा, म्हणजे खरबरीत कातडीच्या बेडकाचा, फोटो काढला आणि 'धोफारी भेक' म्हणून हौशी निरीक्षकांच्या संकेतस्थळावर टाकला. नकाशावर ठिपका उमटला. महिन्यापूर्वी एका अभ्यासकाने विचारलं, ही नोंद लेखात घेऊ का? फोटोत कानाचा पडदा दिसत नाही. धोफारी भेकाचा पडदा मोठा असतो, सगळीकडे सापडणाऱ्या अरबी भेकाचा लहान. तुम्हाला खात्री आहे ना?

शीतलला खात्री नव्हती. उत्तर रविवारपर्यंत हवं होतं आणि शुक्रवारी डोंगरात पावसाचा अंदाज होता. पुढच्या आठवड्यात जाऊ, असं मी तीनदा सुचवून पाहिलं, पण शेवटी शुक्रवारीच निघालो.

मस्कतच्या गाला भागातल्या मित्राच्या गॅरेजातून फोर-व्हील मागून आणली. साध्या गाडीने या वाटेला जाऊ नका. किनाऱ्यावरच्या बरका गावाहून आत वळलं की रुस्ताकपर्यंत रस्ता उत्तम, मस्कतहून दोन तास धरा. पेट्रोल तिथेच भरून घ्या. सूकजवळच्या, म्हणजे बाजाराजवळच्या, मल्याळी हॉटेलात अंडा-पराठा आणि करक (कडक, दुधाळ) चहा दोघांना मिळून रियालभरात होतो. मालकानेही आज वाडीत न जाण्याचाच सल्ला दिला.

गाडी मी उंचावर, नदीपात्राबाहेर लावली. तिथून, जिथे तो फोटो काढला होता त्या डबक्यांपर्यंत, अर्धा तास चालणं. आमच्या डोक्यावर ऊन होतं, पण मागचे डोंगर काळे पडत चालले होते. ओल्या दगडावर तीन भेक बसले होते. दोघांनी पाण्यात उड्या मारल्या. तिसऱ्यासमोर शीतल गुडघ्यांवर बसली.

वरून हाक आली. शेळ्या घेऊन निघालेला एक ओमानी म्हातारा काठी हलवत होता. "पानी आता है," तो हिंदीत म्हणाला. "यल्ला, ऊपर आओ."

मी शीतलचं मनगट धरलं.

"हात सोड," ती हळूच म्हणाली. "तो तोंड वळवतोय. कान दिसला की निघू."

मी हात सोडला. भेकाने सावकाश मान वळवली. तिने दोन फोटो घेतले आणि आम्ही धावत सुटलो. चढावर म्हाताऱ्याने काठी पुढे करून तिला वर ओढलं. आधी खडी ओतल्यासारखा आवाज आला, मग तपकिरी पाणी. जिथे ती बसली होती तो दगड बघता बघता दिसेनासा झाला.

कॅमेऱ्यात पाहून शीतल म्हणाली, "लहान आहे. पाठ त्या फोटोतल्यासारखीच, म्हणजे अरबीच हा आणि तोही."

वाटेतही पाणी भरलं होतं. वाहत्या वाडीत गाडी घालणं इथे गुन्हा आहे आणि वेडेपणाही. दुपारभर म्हाताऱ्याच्या अंगणात खजूर आणि कहवा, म्हणजे अरबी कॉफी, घेत बसलो. शीतलने त्याला दोन्ही जातींचे फोटो दाखवले. त्याने दोन्हींना एकच अरबी नाव सांगितलं. ती त्या दिवसात पहिल्यांदा हसली.

घरी पोचताच तिने अभ्यासकाला कळवलं, माझी ओळख चुकली होती, नोंद घेऊ नका. मग नकाशावर जातीचं नाव स्वतः बदललं. एवढ्यासाठी जीव धोक्यात घातला का, असं मी रागाने विचारलं.

"मी चुकीचं लिहिलं होतं," ती म्हणाली. "ते तसंच छापलं गेलं असतं."

तिथे जाणार असाल तर आकाश बघून जा, एवढं नक्की सांगेन. पण मी तिचा हात सोडला ते बरोबर केलं का, हे कुणी विचारलं तर माझ्याकडे अजून उत्तर नाही.