कागदावरची दोन वर्षं

शुद्धलेखनाच्या चुका होतील, अक्षरही वेडंवाकडं आहे. चौथीनंतर हातात पेन फारसं आलंच नाही, तेवढं सांभाळून घ्यावं. पण आता हयात नसलेल्या माझ्या थोरल्या दिरांइतका कायद्याला भिणारा माणूस साऱ्या पिंपरी-चिंचवडात झाला नाही, हे मी शपथेवर लिहिते. एका कंपनीच्या गेटावर ते वॉचमन होते. बसचं तिकीट घरी आल्यावरही आठवडाभर जपून ठेवायचे, कोणी विचारलं तर असावं म्हणून. त्या काळी रेडिओला पोस्टातून लायसन काढावं लागे; त्याची मुदत संपली तेव्हा पोस्ट उघडेपर्यंत दोन दिवस त्यांनी रेडिओवर टॉवेल टाकून ठेवला, आणि शेजारून गाणं ऐकू आलं तर खिडकी लावून घेतली. सायकलीचा दिवा बिघडला की मोशीपासून घरापर्यंत सायकल हातात धरून चालत यायचे. मी त्यांच्यासमोर कधी बोलत नसे. चहाचा कप दारातून आत सरकवायचा आणि मागे व्हायचं, एवढंच.

अशा माणसानं जन्मात एकच खोटं केलं. आई नसलेलं आपलं पोर लवकर कमावतं व्हावं म्हणून शाळेत नाव घालताना त्याचं वय दोन वर्षं वाढवून सांगितलं. त्या कागदाप्रमाणे पुतण्याला अठरा पूर्ण झाली त्या दिवशी दिरांनी चाळीतल्या लोकांना बोलावून सांगितलं, "आजपासनं ह्यो सज्ञान झाला. ह्याचं बरंवाईट ह्याच्यावर. मी बाप हाय, पण जबाबदार न्हाई."

"मग भाकरीपण बंद का, अण्णा?" कोणीतरी विचारलं.

पोरगं म्हणालं, "भाकरीचं मागनं बघू. केस कापायला पैसं द्या की." दिरांनी दिले.

लगेच तो कंपनीत लागला आणि सहा महिन्यांत एका ओळखीच्या कामगाराला पतपेढीत जामीन राहिला. तो कामगार कर्ज उचलून पसार झाला आणि पुतण्याचा निम्मा पगार कापला जाऊ लागला. दीर पतपेढीत गेले. कारकून म्हणाला, "मुलगा सज्ञान आहे, मामा. त्याच्या सहीला तुम्ही जबाबदार नाही. अठराच्या आत असता तर सहीच रद्द झाली असती."

ते घरी आले आणि पहिल्यांदाच माझ्याशी बोलले. "पोरी, तू लग्न हून आलीस तवा ह्यो पाळण्यात हुता. खरं वय तुला ठावं हाय. इचारलं तर सांगशील?"

मी दाराआडून म्हणाले, "सांगीन. पण मग नोकरीबी जाईल त्याची."

ते उंबऱ्यावर बसले. "कायद्यानं मी सुटलोय," म्हणाले, "पर त्याला दोन वर्सं आधी मोठा म्याच केला न्हवं."

दुसऱ्या महिन्यापासून हप्ता ते स्वतः भरू लागले आणि पोराचा पगार कापणं थांबलं. त्यासाठी सुट्टीच्या दिवशी एका गोदामावर पहारा धरला. गालफडं बसली, खोकला जडला. पुतण्यानं नको म्हटलं की सांगायचे, "माझी जबाबदारी न्हाई हां. उगीच भरतोय."

शेवटचा हप्ता भरून आले तेव्हा त्यांना नीट दिसतही नव्हतं. पावती त्यांनी माझ्यापुढे धरली. मी अडखळत वाचली, "जामिनाची सर्व रक्कम जमा. बाकी काही नाही."

"परत वाच," ते म्हणाले.

मी परत वाचली, या वेळी जरा मोठ्यानं.