गुंडाक्काची कामाची कापडं

माझ्या दुकानाच्या मागच्या भिंतीला एक खिळा होता आणि त्या खिळ्याला आठ वर्षं एक खाकी शर्ट-पँट टांगलेली असायची. गिऱ्हाइकं विचारायची, बाळासो, हे कुणाचं न्यायचं राहिलंय? मी सांगायचो, राहिलेलं नाही, रोज सकाळी जातं आणि रोज संध्याकाळी परत येतं. पुढं विचारलं तर मी कात्री हातात घ्यायचो. शिंप्याच्या हातात कात्री आली की माणसं जास्त बोलत नाहीत.

दुकान राजारामपुरीत, नवव्या गल्लीत. समोरच्या दोन खोल्यांत बयाबाई आणि तिची दोन पोरं राहायची. कागलकडचं शेतकरी घर. बाप गेला, जमीन भावकीनं कसायला घेतली ती घेतलीच, आणि बयाबाई पोरांना घेऊन कोल्हापुरात आली. थोरला गुंडू, धाकटा जोतीराम. गुंडूच्या केसांत सोळाव्या वर्षी जट निघाली. जाणत्यांनी सांगितलं, यल्लम्माचं बोलावणं आहे. सौंदत्तीला जाऊन लाल-पांढऱ्या मण्यांची माळ गळ्यात बांधून घेतली आणि त्या दिवसापासून गुंडू लुगडं नेसू लागला. म्हणजे लागली. गल्लीनं आठवडाभर दात काढले, मग गुंडाक्का म्हणायला सुरुवात केली. आमच्याकडं बायकाही 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतात, त्यामुळं तिला बोलण्यात काही बदलावं लागलं नाही.

जट देवीची होती की तेलाविना झालेली, ते मला माहीत नाही. पण लुगड्याची ओढ जटेच्या आधीची, हे तिनंच मला सांगितलं. आई रानात गेली की पेटीतलं लुगडं काढून नेसायचं, पुन्हा पहिल्या घडीवर घडी घालून ठेवायचं, असं तिनं सातव्या-आठव्या वर्षापासून केलेलं. देवीनं फक्त चोरून नेसायचं ते उघड नेसायची सोय केली. देवीचे उपकार म्हणायचे ते तेवढेच, असं ती म्हणायची, आणि लगेच कानाला हात लावायची.

पण जोगव्याच्या पिठावर तीन माणसं जगत नाहीत. जोतीरामाची शाळा होती. अडुसष्ट साली शिरोलीच्या एका फौंड्रीत गल्लीतल्याच एका माणसानं तिची वर्णी लावली. काम कोअर करायचं, म्हणजे वाळूचे साचे हातानं बसवायचे. हाताला हलकेपणा लागतो, तो तिच्याकडं होता. साहेबानं एकच अट घातली. भट्टीच्या जवळपास पदर चालणार नाही, पँट-शर्ट घालून यायचं. हजेरीला नाव गुंडूच.

तिनं अट मान्य केली आणि स्वतःची एक अट घातली, ती साहेबाला नव्हे, स्वतःलाच. घरात देवीचा जग होता, टोपलीत बसवलेली देवी. त्या घरच्या उंबऱ्याच्या आत ती बाप्याची कापडं घालून जाणार नाही आणि नेणारही नाही. म्हणून माझ्याकडं खिळा मागितला. सकाळी लुगड्यात यायची, पडद्यामागं जायची, खाकी चढवून, केसांचा बुचडा टॉवेलात घट्ट बांधून सायकलवर टांग मारायची. संध्याकाळी उलटा क्रम. मी म्हटलं, एवढी यातायात कशाला? माझ्यासारख्या धंदेवाल्याला वाटायचं, कापड म्हणजे कापड.

एक गोष्ट मात्र माझ्या ध्यानात आली होती. माझ्या दुकानात पुरुषभर उंचीचा आरसा आहे. येणारा प्रत्येक जण त्यात बघतो, उसनं सुईदोरा न्यायला आलेला माणूसही बघतो. गुंडाक्का लुगड्यात असताना त्याच्यासमोर पाच-पाच मिनिटं उभी राहायची, निऱ्या सारखी करायची, कुंकू नीट करायची. खाकीत असताना मात्र आरशाला पाठ करून जायची. एकदा मी सहज विचारलं, ही कापडं टोचतात का तुला? ती म्हणाली, अंगाला काही होत नाही. पण कारखान्यात कुणी गुंडू म्हणून हाक मारली की आपल्या मागं दुसरं कुणीतरी उभं आहे आणि त्याला बोलावलंय असं वाटतं. मग आठवण होते, की ओ द्यायची आहे. मग म्हणाली, "खिसा तेवढा मातूर चांगला असतोय, मास्तर. लुगड्याला खिसा पायजे हुता." त्यावर आम्ही दोघंही हसलो. मी तिच्या चोळीला आतून एक चोरखिसा लावून दिला, तंबाखूपुरता.

कारखान्यातल्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. सायकलवरून शिरोलीपर्यंत जाणारं माणूस किती दिवस लपणार? चिडवायचे, मग चिडवून कंटाळले. कोअर तिच्यासारखं दुसऱ्याला जमत नव्हतं, आणि काम जमणाऱ्याला कोल्हापुरात माणसं फार दिवस छळत नाहीत.

तिच्या जिवावर जोतीराम मॅट्रिक झाला, आयटीआय झाला, एका सहकारी संस्थेत कारकून म्हणून लागला. शहात्तर साली त्याचं लग्न ठरलं. मुलगी कागलजवळच्या गावची, नाव बनाबाई. तिचा बाप हंबीरराव, डेअरीवर मोठं वजन असलेला माणूस. त्याच्या कानावर जोगत्याची गोष्ट गेलेली होतीच. तो म्हणाला, पोरगी देतो, मला मुलगा पसंत आहे. पण नवऱ्या मुलाला बाप नाही, म्हणून व्याहीभेटीला थोरला भाऊ फेटा बांधून, शर्ट-पँट घालून उभा राहिला पाहिजे. माझ्या भावकीसमोर लुगडं नको.

जोतीरामानं घरी येऊन हे सांगितलं तेव्हा मी तिथंच होतो, बयाबाईचं झंपर द्यायला गेलेलो. तो काही वाईट पोरगा नव्हता. त्याचं म्हणणं सरळ होतं. तू रोज आठ तास ती कापडं घालतेस, एक दिवस माझ्यासाठी घाल. बयाबाई तांदूळ निवडत होती, तिनं मान वर केली नाही. गुंडाक्कानंही काही उत्तर दिलं नाही. मला वाटलं, झालं, गप्प बसली म्हणजे कबूल.

जोतीराम दुसऱ्या दिवशी भारी टेरिकॉटचं कापड घेऊन आला आणि म्हणाला, मास्तर, तिची मापं तुमच्याकडं आहेत, असं शिवा की बघत राहिले पाहिजेत. मी शिवलं. आणि शिवता शिवता मला एक कल्पना सुचली, त्या कल्पनेचं मला कौतुकही वाटलं. पुरुषाच्या शर्टाची काजं डाव्या पट्टीवर असतात आणि बायकांच्या चोळीची उजवी पट्टी वर येते. हे शिंप्याशिवाय कुणाच्या डोक्यात येत नाही, पण रोज घालणाऱ्याच्या बोटांना बरोबर कळतं. मी तिच्या शर्टाला काजं उजव्या बाजूला घेतली. म्हटलं, मांडवाला पुरुषाचा शर्ट दिसेल आणि तिच्या मनाला बाईचा राहील. शिंप्यानं आणखी काय करायचं?

ती घालून बघायला आली. पडद्यामागं गेली. बराच वेळ बाहेर आली नाही. मग आवाज आला.

"मास्तर, ही काजं कुठल्या बाजूला काढलीसा?"

मी जरा अभिमानानंच सांगितलं, बायकांच्या. कुणाला दिसायचं नाही, तुला तेवढंच बरं वाटेल.

ती शर्ट काढून, लुगडं नेसूनच बाहेर आली. शर्ट मशीनवर ठेवला. डोळे लाल झाले होते, पण आवाज चढलेला नव्हता. म्हणाली, मी लग्नाला जात नाही. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, आठ वर्षं रोज घालतेस, तेव्हा जड जात नाही, आणि भावाच्या लग्नात एक दिवस जड झाला? एवढं शिवून मी मूर्ख ठरलो की काय?

ती खाली बसली. मला तिचे शब्द अजून जसेच्या तसे आठवतात.

"कारखान्यातली खाकी बाप्याची हाय. समदी बाप्याची. म्हणून मला ती सोसती. वरनं घातल्याली असती, सांजच्याला काढून टांगली की सपलं. आन् तिथं माझं कोण हाय? मांडवात माझी आई हाय, भाऊ हाय. त्येंच्यापुढं ते घालून हुबं ऱ्हायलो तर मग खरा गुंडूच, आन् ही लुगड्यातली कोणतरी सोंगाडी. तुमी ह्यो शर्ट आर्धा माझा केलासा. त्यो घातला तर माझ्या हातानंच सांगितल्यागत हुतंय की, मला आर्धं पुरं हाय म्हणून."

मला लाज वाटली. एवढी वर्षं मापं घेतली आणि माणूस कळलं नाही, याची वाटली. मी शर्ट उचलून फळीवर टाकला आणि तिला चहा सांगितला. तिनं तो प्याला नाही.

लग्न मे महिन्यात, दुपारच्या मुहूर्तावर मुलीच्या गावाला. गुंडाक्का सकाळी नेहमीसारखी आली, खाकी घातली आणि कामावर गेली. जोतीराम नवरदेवाच्या पोशाखात दारात उभा होता. दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. व्याहीभेटीला एक चुलता उभा राहिला म्हणे, तोच चुलता, ज्यानं जमीन ठेवून घेतली. मी गेलो नाही. लग्नसराईत शिंप्याला कुठं जाता येतं?

चारच्या सुमाराला वऱ्हाडाचा ट्रक गल्लीत आला. वाजंत्री वाजली. मुलीकडची पाच-सहा माणसं पाठराखणीला आलेली. नवरा-नवरी दारापर्यंत आली, उंबऱ्यावर माप ठेवलेलं. आता आत जायचं, तेवढ्यात बयाबाई दारात आडवी झाली. म्हणाली, थांबा. दार अडवायचं राहिलंय.

आमच्यात नवरी घरात येताना नवऱ्याची बहीण दार अडवून उभी राहते. भावाकडं त्याची होणारी लेक आपल्या मुलासाठी मागते, भावानं कबूल केलं की दार सोडते. सगळ्यांना वाटलं, म्हातारी एखाद्या चुलतबहिणीला पुढं करणार. एक पुढं झालीही. बयाबाईनं तिला हातानं मागं सारलं.

"सख्खी भण कामावर गेलीया," ती म्हणाली. "साडेचारला सुटती. आली की अडवंल."

जोतीरामाचा चेहरा पडला. मुलीकडची माणसं कुजबुजायला लागली. उन्हात सगळे उभे. मी दुकानातली बाकडी बाहेर काढली, माठातलं पाणी दिलं. वाजंत्रीवाले सुरुवातीला वाजवत होते, मग तेही सावलीत जाऊन बसले. कुणी बयाबाईला समजावायला गेलं की ती म्हणायची, तुम्हाला घाई असेल तर तुम्ही जावा. आयुष्यभर गप्प बसलेल्या बाईनं तोंड उघडलं की तिच्यापुढं कुणाचं काही चालत नाही.

पाचला गुंडाक्काची सायकल गल्लीत वळली. तोंड काळं, खाकी काळी, डोक्याला टॉवेल. गर्दी बघून ती उतरली. कुणीतरी ओरडून सांगितलं, तुझ्यासाठी नवरी दारात उभी केलीय म्हणून. बनाबाईनं मुंडावळ्या बाजूला करून तिच्याकडं बघितलं. गुंडाक्का सायकल टाकून माझ्या दुकानात शिरली. मी म्हटलं, अगं जा अशीच, तासभर थांबलीत ती. कापडं कोण बघतंय आता?

"खाकीवर दार अडवू व्हय?" ती म्हणाली. "तासभर थांबलीत, आनी थांबू देत."

तिनं माठातल्या पाण्यानं तोंड धुतलं, कोपरापर्यंत हात धुतले. पडद्यामागं गेली. नऊवारी घाईत नेसता येत नाही आणि तिनं घाई केलीही नाही. लुगडं रोजचंच होतं, विटक्या हिरव्या रंगाचं. आरशासमोर उभी राहून तिनं कुंकू लावलं. मग रस्ता ओलांडून, आईच्या बाजूनं आत गेली आणि दोन्ही हात चौकटीवर ठेवून उभी राहिली.

"जोत्या," ती म्हणाली, "लेक झाली तर देशील?"

मुलीकडचा एक माणूस हसला आणि म्हणाला, द्यायची तर खरी, पण कुणाच्या ल्योकाला? दोघे-तिघे आणखी हसले. जोतीराम खाली बघत होता. मला त्या हसणाऱ्याच्या कानफटात द्यावीशी वाटली.

गुंडाक्काचे हात चौकटीवरून हलले नाहीत. "ल्योक न्हाय मला," ती म्हणाली. "मी माझ्यासाठनंच मागतो."

जोतीरामानं मान वर केली. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "दिली," तो म्हणाला. "आता सर की बाजूला. तिचं पाय पोळाय लागल्यात."

गुंडाक्का सरली नाही. म्हणाली, जिला नऊ महिने ओझं वाहायचंय तिनंही म्हटलं पाहिजे.

बनाबाई त्या घरात अजून आलीही नव्हती. अर्ध्या तासापूर्वी तिनं या माणसाला खाकी पँटीत सायकलवरून उतरताना पाहिलेलं. पाठराखीण तिच्या कानात काहीतरी सांगत होती. बनाबाईनं तिचा हात दंडावरून काढला, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "दिली, वन्सं."