नानांच्या पिकअपचा नवा ब्रेक

गॅरेजात गाडी जॅकवर चढली की मालक स्टुलावर बसतो, आणि स्टुलावर बसलेला माणूस गप्प राहत नाही! आमच्या मिरजगावच्या गॅरेजात किस्से असेच साठत गेले. पण हल्ली माझे भागीदार युनूसभाई आणि मी चहाला बसलो, की विषय निघतो एकाच गाडीचा. नानांची जुनी पिकअप! नाना आता नाहीत.

*

तिला चारी चाकांना जुने ड्रम ब्रेक. बाजारात थांबायचं तर नाना वेशीपासूनच पाय मारायला लागायचे.

"नाना, इतक्या लांबून ब्रेक?"

"तिला विचार करायला वेळ लागतो!"

*

एका लग्नात नवरदेव त्यांच्या शेजारी बसलेला. मांडव आला, नानांनी ब्रेक दाबला, आणि मांडव मागं गेला! बँडवाले वाजवत पाठीमागं पळतायत. नवरदेव रडकुंडीला आला.

"नाना, मांडव ऱ्हायला मागं!"

"असू दे की. नवरी कुठं पळून चाललीय!"

*

नाना गेले. पिकअप गोठ्याशेजारी ताडपत्रीखाली उभी राहिली. मग एका सकाळी नानांच्या बायकोनं, आमच्या काकूंनी, ती ट्रॅक्टरमागं बांधून गॅरेजात आणली.

"पुढं डिस्क ब्रेक बसवा. ब्रेक बूस्टरबी, म्हंजी हलक्या पायानं दाबला तरी लागंल."

"काकू, पण चालवणार कोण?"

"तुमी चालवा. मला नुसतं शेजारी बसायचं हाय."

युनूसभाईंनी पाना उचलला.

*

एवढ्या जुन्या गाडीला डिस्क कुठून मिळणार? युनूसभाईंनी दुसऱ्या गाडीची आणली, लेथवर ती बसवायचं ब्रॅकेट करून घेतलं. ट्रायलला सवयीनं जीव खाऊन पाय मारला. माझं कपाळ काचेवर!

"अहो युनूसभाई!"

"लागतोय! ब्रेक लागतोय!" ते आनंदानं ओरडले.

*

मग काकूंना फिरवायला निघालो. युनूसभाई स्टिअरिंगवर, काकू मधे, मी खिडकीशी. कर्जत रोडला अचानक शेळ्या आडव्या आल्या. युनूसभाईंनी अलगद ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी उभी. धक्का नाही, काही नाही! युनूसभाईंनी ऐटीत काकूंकडं पाहिलं.

काकू समोर बघत होत्या.

"लई ब्येस झालाय," त्या म्हणाल्या. "आधी लागायचा उशिरा, पन लागला की लई हिसका बसायचा. म्हून ब्रेक दाबताना ह्ये डावा हात माझ्यापुढं आडवा धरायचे. दर बारीला."

शेळ्या गेल्या. युनूसभाईंनी गिअर टाकला. मग काकूंनी हळूच विचारलं,

"युनूसभाई, ते जुनं ब्रेक फेकलं तर न्हाई ना?"